शंभर वर्षांचा पूर आणि वीस वर्षांचे कर्ज

पूर ओसरला की आपल्याकडे शब्दांना पूर येतो. ‘अभूतपूर्व’, ‘अकल्पित’, ‘ढगफुटी’, ‘शंभर वर्षांत झाला नाही असा’ ही विशेषणे मंत्र्यांच्या निवेदनांत, अधिकाऱ्यांच्या खुलाशांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही तयारच असतात. या शब्दांमुळे एक सोय होते. जे अकल्पित होते त्याची कल्पना कोणी का केली नाही, हा प्रश्न मग विचारता येत नाही. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाहुणा यंदा येऊन गेला, आता पुढची नव्याण्णव वर्षे चिंता नको, असा एक भाबडा दिलासाही त्यातून मिळतो. हा दिलासा खोटा आहे. तो खोटा कसा, हे समजायला शालेय गणिताहून अधिक काही लागत नाही. आणि ते समजून घेणे हा आता केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

नागपूरकरांच्या स्मरणात २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट अद्याप ताजी आहे. शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर पाऊस सुरू झाला आणि उजाडण्यापूर्वी शंभराहून अधिक मिलिमीटर कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून धो धो वाहू लागला, नाग नदी आपले पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत हजारो घरांत आणि दुकानांत झोपेतच पाणी आले. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. काही जणांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवसापासून ‘ढगफुटी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. वस्तुतः हवामान खात्याच्या व्याख्येनुसार लहानशा क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तर ती ढगफुटी. नागपुरात तेवढे पाणी पडायला काही तास लागले होते. आणि याच शहराने १२ जुलै १९९४ रोजी चोवीस तासांत ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पाहिलेला आहे. म्हणजे पाऊस असाधारण होता, पण अकल्पनीय नव्हता. त्याची कल्पना करण्याचे शास्त्र उपलब्ध आहे, आणि ते नवेही नाही.

‘शंभर वर्षांचा’ म्हणजे काय?

‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग मुळातच दिशाभूल करणारा आहे. त्याचा अर्थ, तो पूर शंभर वर्षांच्या अंतराने येतो, असा नाही. ज्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे, तो शंभर वर्षांचा पूर. नदीला आपला मागला हिशेब आठवत नाही. गेल्या वर्षी तो येऊन गेला असला, तरी यंदाही शक्यता शंभरात एकच राहते.

गोदावरीचेच उदाहरण घ्या. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते. ते पाणी पुढे तेलंगणातील भद्राचलम येथे मोजले जाते. तेथे १९८६ च्या ऑगस्टमध्ये पाणी ७५.६ फुटांवर गेले. चारच वर्षांनी, १९९० मध्ये, ते पुन्हा ७० फुटांवर चढले. त्यानंतर तीन दशके त्या उंचीचा पूर आला नाही आणि जुलै २०२२ मध्ये पाणी ७१.३ फुटांवर पोचले. त्या पुरात सिरोंचा तालुक्यातील गावे रिकामी करावी लागली. तीन मोठे पूर. त्यांतली दोन अंतरे एक चार वर्षांचे आणि दुसरे बत्तीस वर्षांचे. नदीच्या पंचांगात समान अंतरे नसतात.

आता हे गणित घरापर्यंत आणू. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये परिपत्रक काढून नदीकाठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत घालून दिली. ढोबळ मानाने निळी रेषा ही पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा ही शंभर वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंमधल्या पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी. एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने वीस वर्षांच्या हप्त्यांवर कर्ज काढून नेमक्या लाल रेषेवर घर घेतले, असे समजा. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव. दोन्ही वर्षी न येण्याची शक्यता त्या अपूर्णांकाला त्यानेच गुणून मिळते. असा वीस वेळा गुणाकार केला की शंभरात सुमारे ८२ उरतात. अर्थात कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता शेकडा १८! तेच घर निळ्या रेषेवर असेल तर शंभरात ९६ चा वीस वेळा गुणाकार करावा लागेल. उत्तर सुमारे ४४ येते. म्हणजे कर्ज फिटण्याआधी पूर येण्याची शक्यता शेकडा ५६, निम्म्याहून अधिक. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून जो निश्चिंत होतो, त्याला ‘तुमच्या कर्जाच्या मुदतीत पाचांत एक’ असे सांगितले तर तो क्षणभर थबकेल. दोन्ही विधाने जवळजवळ एकच आहेत. मग आपली सरकारी कागदपत्रे पहिलीच भाषा का वापरतात?

सूत्रांपासून शक्यतेकडे

हा अंदाज काढतात कसा, हेही थोडे पाहिले पाहिजे. इंग्रजी अमदानीतल्या अभियंत्यांपुढे पूल आणि बंधारे बांधताना हाच प्रश्न होता. गावातल्या वृद्धांना विचारायचे, देवळाच्या कोणत्या पायरीला पाणी लागले होते ते पाहायचे, आणि सूत्राने विसर्ग काढायचा. १८६५ मधले डिकन्स यांचे सूत्र उत्तर आणि मध्य भारतात चालले. मुंबई इलाख्यात, विशेषतः घाटमाथ्याच्या नद्यांसाठी, क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र रूढ झाले. या सूत्रांत प्रमुख घटक एकच, तो म्हणजे पाणलोटाचे क्षेत्रफळ. त्यांनी शेकडो पूल उभे केले, त्यांचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. पण ही सूत्रे ‘कमाल पूर’ सांगत. तो कमाल पूर ओलांडला जाण्याची शक्यता किती, यावर ती मौन पाळत.

ते मौन संख्याशास्त्राने मोडले. नाझी राजवटीच्या विरोधात उभे राहिल्यामुळे जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले गणिती एमिल गुंबेल यांनी टोकाच्या घटनांचे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या पुराचे, सर्वांत कडक थंडीचे गणित मांडले आणि १९४१ मध्ये ते नद्यांच्या पुरांना लावून दाखवले. पद्धतीचे सार सोपे आहे. दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग टिपायचा. तीस वर्षांचे तीस आकडे उतरत्या क्रमाने लावायचे. सर्वांत मोठ्याला ढोबळपणे एकतीस वर्षांचा पूर समजायचे, दुसऱ्याला त्याच्या निम्म्या कालावधीचा, आणि या बिंदूंमधून योग्य वक्र काढून तो शंभर वर्षांपर्यंत लांबवायचा.

गोम आहे ती या ‘लांबवण्या’त. तीस वर्षांच्या नोंदीतला सर्वांत मोठा पूर खरोखर एकतीस वर्षांचाच असेल, याची हमी कोण देणार? कदाचित तो दोनशे वर्षांचा असेल आणि आपल्या तीस वर्षांत योगायोगाने सापडला असेल. किंवा ती तीस वर्षे शांत गेली असतील आणि खरा मोठा पूर आपण अजून पाहिलेलाच नसेल. पहिल्या प्रकारात पूल अकारण महाग होईल. दुसऱ्या प्रकारात माणसे मरतील. गुजरातेतील मच्छू नदीवरच्या दुसऱ्या धरणाचा सांडवा सुमारे दोन लाख क्युसेक विसर्गासाठी बांधला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी त्याच्या दुपटीहून अधिक पाणी आले, मातीचे बांध वाहून गेले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. धरण पुन्हा बांधले तेव्हा सांडव्याची क्षमता कित्येक पटींनी वाढवण्यात आली. आपल्याकडची म्हण अशा वेळी आठवते: बैल गेला अन् झोपा केला.

एका नदीची स्मृती तोकडी

यावर संख्याशास्त्राने काढलेला तोडगा मोठा मनोज्ञ आहे. एका नदीची स्मृती तोकडी असेल तर शेजारच्या नद्यांना विचारा. एका ठिकाणी तीनशे वर्षांच्या नोंदी मिळणार नाहीत. पण सारख्या हवामानाच्या, सारख्या भूरचनेच्या प्रदेशात दहा ठिकाणी तीस-तीस वर्षांच्या नोंदी मिळू शकतात. प्रत्येक ठिकाणच्या पुराला त्या ठिकाणच्या सरासरी वार्षिक पुराने भागले की लहान ओढा आणि मोठी नदी एका मापात येतात. मग सर्वांचा मिळून एकच वक्र काढायचा. सरासरी पुराच्या तुलनेत शंभर वर्षांचा पूर किती पट, हे तो वक्र सांगतो. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या टेट डॅलरिंपल यांनी १९६० मध्ये ही रीत सुव्यवस्थित मांडली. पुढे १९९० च्या दशकात हॉस्किंग आणि वॉलिस यांनी तिला एखाद्या वेड्यावाकड्या आकड्याने सहसा न डळमळणारे रूप दिले. ज्या नदीवर मोजणीच नाही, तिचा सरासरी पूर पाणलोटाचे क्षेत्र, उतार आणि पर्जन्यमान यांवरून अंदाजायचा आणि या प्रादेशिक वक्राला जोडायचा.

भारतातही ही दृष्टी होती. ए. एन. खोसला यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर देशाची २६ जलहवामान-उपविभागांत वाटणी झाली आणि केंद्रीय जल आयोग, हवामान खाते, रेल्वे व रस्ते विभाग यांनी मिळून प्रत्येक उपविभागासाठी पूर-अनुमानाचे अहवाल तयार केले. आपला वर्धा-वैनगंगेचा प्रदेश ‘खालची गोदावरी’ या उपविभागात येतो. त्या अहवालांत पंचवीस, पन्नास किंवा शंभर वर्षांचा पाऊस घेऊन त्यावरून पुराचा आकार काढण्याची पद्धत दिली आहे. पण ते मुख्यत्वे पुलांसाठी आणि मोऱ्यांसाठी होते, आणि त्यांना आधारभूत झालेल्या नोंदी गेल्या शतकातल्या. त्यानंतर नागपूर किती पसरले, हे सांगायला नको.

विदर्भाच्या दृष्टीने प्रादेशिक विचाराची निकड दुहेरी आहे. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईच्या परिसरात उगम पावते, वैनगंगा सिवनी जिल्ह्यात. कन्हान आणि पेंच छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून खाली येतात. पाऊस एका राज्यात पडतो आणि माणसे दुसऱ्या राज्यात बुडतात. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नरखेड तालुक्यातील मोवाड गाव धुऊन नेले. दोनशेहून अधिक माणसे गेली आणि उरलेल्यांसाठी गावच नव्याने वसवावे लागले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनीच्या संजय सरोवरातून आणि अन्य धरणांतून आलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. नागपूर, भोपाळ आणि हैदराबाद यांच्या फायली वेगवेगळ्या असतील. खोरे एकच आहे. पुराच्या शक्यतेचे गणित जिल्ह्याजिल्ह्याने किंवा राज्याराज्याने करणे म्हणजे एका विहिरीच्या चार काठांवर चार मालकांनी वेगवेगळी खोली सांगण्यासारखे आहे.

शास्त्राच्या मर्यादा

एवढे म्हटल्यावर या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी बसेल. पहिली मर्यादा अशी की दहा ठिकाणची तीस वर्षे म्हणजे खरीखुरी तीनशे वर्षे नव्हेत. बंगालच्या उपसागरात उठलेला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतो तेव्हा तो वैनगंगा, कन्हान आणि वर्धा या तिघींनाही एकदमच भिजवतो. दहा साक्षीदारांनी एकच अपघात पाहिला तर अपघात दहा होत नाहीत. दुसरी मर्यादा ‘सारखेपणा’ची. घाटमाथ्यावरची कोयना आणि पठारावरची वर्धा यांना एका वक्रात बसवता येणार नाही. कोणत्या नद्या खरोखर सजातीय आहेत, हे कसोट्या लावून ठरवावे लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. हे सारे गणित असे गृहीत धरते की उद्याची नदी कालच्या नदीसारखीच वागेल. धरणांनी तिचे वागणे बदलले आहे. शहरात तर मातीच उरलेली नाही. डांबर, सिमेंट आणि फरशा यांवर पडलेला पाऊस मुरण्याऐवजी मिनिटांत नाल्यात येतो, आणि तो नाला दोन्ही बाजूंच्या भिंतींनी आवळलेला असतो. नाग नदीचे पूर्वीचे आकडे आजच्या नाग नदीला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. त्यात हवामान तापत चालले आहे आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरते. २००८ मध्ये जलशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात, नदीच्या स्वभावाचे स्थैर्य हे गृहीतक आता मृत झाले आहे, असे थेट लिहिले. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. एखादा पूर खरोखर शंभर वर्षांचा असेल, तर तो पुढल्या तीन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता शेकडा ३ असते. ती घटना घडली तर नशिबाला दोष देण्यापूर्वी मूळ आकडाच तपासला पाहिजे.

यावरून कोणी म्हणेल, मग या गणिताचा उपयोग काय? निसर्ग काय आकड्यांत मावतो थोडाच! हा युक्तिवाद ऐकायला नम्र वाटतो, पण परिणामी तो बेजबाबदार आहे. गणित टाळले म्हणून निर्णय टळत नाही. सांडवा किती रुंद ठेवायचा, पुलाची उंची किती, कोणत्या भूखंडाला परवानगी द्यायची, हे कोणीतरी कोठेतरी ठरवतोच. आकडा नसला तर ते दबावाने ठरते, सोयीने ठरते किंवा जमिनीच्या भावाने ठरते. अनिश्चित आकडा हा आकड्याच्या अभावापेक्षा चांगला असतो. मात्र त्याची अनिश्चितता त्याच्याबरोबर छापलेली हवी.

या देशात तर याचा मोठा दाखला आहे. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला तेव्हा त्यावर खर्चिक बांधकामांचे उपाय सुचवले गेले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी अर्धशतकाच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी पिंजून दाखवले की पाण्याचा निचरा झपाट्याने होणे हाच खरा उपाय आहे. १९२६ च्या ओरिसातील पुरानंतर नदीचा तळ वर आला असून बांध उंच केले पाहिजेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबीसांनी अनेक दशकांचे आकडे तपासून तळ वर आल्याचा समज निराधार ठरवला. भारतीय संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाने आकडेमोडीने दोन वेळा चुकीच्या दिशेने जाणारा सार्वजनिक पैसा अडवण्याचा मार्ग दाखवला. या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्या आपण आज नदीकाठी घर घेणाऱ्याला काय सांगतो?

मागायचे काय?

नागरिकांनी मागावे असे काही अगदी साधे आहे. पहिले म्हणजे प्रत्येक पूररेषेच्या नकाशावर ती कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून, कोणत्या पद्धतीने काढली आणि ती किती वरखाली होऊ शकते, हे छापलेले असावे. रेषा बारीक असते. अनिश्चितता मात्र पट्ट्याएवढी रुंद असते, आणि तो पट्टा नकाशावर दिसला पाहिजे. दुसरे, नाग, पिली यांसारख्या शहरांतल्या लहान नद्यांवर अखंड चालणारी सरितामापन केंद्रे हवीत आणि त्यांच्या नोंदी शाळा-महाविद्यालयांना विनासायास मिळाल्या पाहिजेत. प्रत्येक पुरानंतर भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा पुसल्या जाण्यापूर्वी मोजून ठेवल्या पाहिजेत. ते काम तर विद्यार्थ्यांकरवीही होऊ शकते. तिसरे, वर्धा-वैनगंगा-प्राणहिता खोऱ्याचे एकत्र विश्लेषण तिन्ही राज्यांनी मिळून करावे आणि दर दहा वर्षांनी ते नव्याने तपासावे. विश्वेश्वरय्यांचे नाव धारण करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादला पुरापासून वाचवण्याची योजना आखणाऱ्या त्या अभियंत्याच्या नावाला हे काम शोभेल. चौथे, १९८९ च्या परिपत्रकाची भाषा बदलावी. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याऐवजी ‘वीस वर्षांत पाचांत एक’ असे घराच्या कागदपत्रांवरच लिहिले जावे.

यावर येणारा आक्षेप उघड आहे. असे लिहिले तर नदीकाठच्या जमिनींचे भाव पडतील, आणि ज्यांची घरे आधीच तेथे आहेत त्यांचे नुकसान होईल. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. परवानगी देऊन बसवलेल्या माणसाला आकडा दाखवून वाऱ्यावर सोडणे हा अन्यायच ठरेल. त्याच्यासाठी विमा, भरपाई आणि वेळेवर इशारा यांची व्यवस्था आकड्याबरोबरच आली पाहिजे. पण धोका लपवल्याने जमिनीची किंमत वाचत नाही. ती फक्त विकणाऱ्याकडून विकत घेणाऱ्याच्या माथी जाते. आणि विकत घेणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या पगारातून दरमहा हप्ता कापला जातो.

शाळांमधून संभाव्यतेचा धडा शिकवताना अजूनही नाणी उडवली जातात आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू काढले जातात. त्याऐवजी एकदा वर्गात लाल-निळ्या पूररेषांचे उदाहरण फळ्यावर घालून पाहावे. नव्याण्णव शंभरांशाचा वीस वेळा गुणाकार नववी-दहावीतला मुलगा सहज करील. तो घरी जाऊन वडिलांना उत्तर सांगेल, तेव्हा पूररेषा हा विषय कचेरीच्या कपाटातून बाहेर येईल. पुढच्या पुराला मग ‘अकल्पित’ म्हणणे कोणालाही थोडे अवघड जाईल.